परखडांची दिलगिरी

ब्लॉगचं नाव ‘परखड’, म्हणून लिहिणाऱ्यालाही लोक परखडच म्हणू लागले. गृहस्थांना ते इतकं मानवलं की भाजीवाल्यानं तशी हाक मारली तरी ते ओ देत. नऊ वर्षं दर बुधवारी त्यांनी कुणाची ना कुणाची बिनपाण्यानं केली होती. डॉक्टर झाले, मास्तर झाले, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई झाली, नंतर ते कपडेही झाले. वाचक चौदाशे. त्यातले तीनशे स्वतःवर काही आलंय का हे बघायला येत.

दिवसा हाच वाघ जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीमागे बसायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. परखडांनी चिठ्ठ्या करून ठेवल्या होत्या. ‘झेरॉक्स जोडा’, ‘साहेब जागेवर नाहीत’, ‘मंगळवारी या’. समोरच्यानं काही विचारलं की योग्य ती चिठ्ठी पुढे सरकवायची. लोकांना वाटे, माणूस फार शिस्तीचा आहे. खरं कारण त्यांचा आवाज. वयात येताना सगळ्यांचा आवाज फुटतो, परखडांचा राहूनच गेला होता. गॅसवाला त्यांना फोनवर गेली वीस वर्षं मॅडम म्हणत होता आणि परखडांनी त्याला कधी दुरुस्त केलं नव्हतं.

अशा माणसानं पॉडकास्टच्या वाटेला जाऊ नये. पण परखडांनी कुठेतरी वाचलं की आता वाचणारे घटतायत, ऐकणारे वाढतायत, तेव्हा ब्लॉगवाल्यांनी वेळेत बोलायला लागावं. वाचकही मागे लागले होते. एकानं लिहिलं, तुमची लेखणी एवढी कडाडते, तर आवाज कसा असेल. परखड दोन दिवस त्या वाक्यावर तरंगत राहिले आणि तिसऱ्या दिवशी माइक घेऊन आले.

आवाज घुमू नये म्हणून त्यांनी बायकोचं कपड्यांचं कपाट उघडलं, टांगलेल्या कपड्यांत कमरेपर्यंत शिरले, आणि गर्जना केली, “नमस्कार, मी परखड बोलतोय.” मग बाहेर येऊन ती गर्जना लावून ऐकली. बायको घड्या करायला कपडे घेऊन आत येत होती. तिनं अगदी सरळ मनानं विचारलं की शेजारची कुठली छोटी आली आहे, तिला खायला काही देऊ का. परखड त्या दिवशी जेवले नाहीत.

माघार घेणं मात्र शक्य नव्हतं, कारण ब्लॉगवर घोषणा करून झाली होती. तेव्हा त्यांना मेहुणा आठवला. बायकोचा हा धाकटा भाऊ बावीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत होता. त्याचा आवाज असा की ऐकणारा आधी सामान उचलायचा आणि मग विचार करायचा. ठरलं असं की मेहुण्यानं दर रविवारी दुपारी जेवायला यावं, जेवण झालं की कपाटात शिरून परखडांचा लेख वाचावा, आणि बाहेर कुठे वाच्यता करू नये. मेहुण्यानं एवढंच विचारलं की कपाटात पंखा आहे का.

एक अडचण निघाली. मेहुणा प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचा. “समाज झोपला आहे,” असं म्हणून तो थांबे, म्हातारा माणूस पिशवी उचलेल इतका वेळ थांबे, आणि पुन्हा म्हणे, “समाज झोपला आहे.” परखडांनी चिडून पाहिलं, समजावून पाहिलं. बावीस वर्षांची सवय, ती काय कपाटात शिरल्यानं जाते? शेवटी परखड कॉम्प्युटरवर बसून प्रत्येक दुसरं वाक्य कापू लागले. स्वतःचंच लिहिलेलं, त्यात ऐकायचं काय, असं म्हणत ते आवाजाच्या रेषा नुसत्या बघून कापत. पहिले तीन भाग असेच गेले. ऐकणारे एकतीस. त्यात आकडा वाढावा म्हणून परखडांनी स्वतः चार वेळा नुसता लावून सोडलेला.

चौथ्या भागासाठी त्यांनी हुकमी एक्का काढला. ‘आईच्या उशाशी कोण नव्हतं?’ हा त्यांचा सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख, सहा वर्षांपूर्वीचा. आईनं थोरल्या भावाकडे चार वर्षं अंथरुणावर काढली. तिला न्हाऊ घालणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं थोरल्यानं केलं. ती गेली त्या संध्याकाळी तो तिच्याच इंजेक्शनसाठी औषधांच्या दुकानात रांगेत उभा होता. धाकटे, म्हणजे परखड, चार वर्षांत तिसऱ्यांदा भेटायला आले होते, म्हणून नेमके उशाशी सापडले. आठवड्याच्या आत त्यांनी लेख लिहिला की काही थोर सुपुत्रांना आईच्या शेवटच्या क्षणीही बाहेरची कामं सुचतात. नाव घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती, सगळ्या नातेवाइकांनी ओळखलं. थोरल्यानं त्या दिवसापासून बोलणं टाकलं. बायकोनं तेव्हाही सांगितलं होतं की लेख काढून टाका, आताही म्हणाली की तेवढा सोडून काहीही वाचा. परखड म्हणाले, सत्य बोचणारच.

मेहुण्यानं तो लेख आधी वाचला नव्हता. तो भाऊजींचं काहीच आधी वाचत नसे, लेख हातात पडला तसा वाचून टाकत असे. त्या रविवारी मात्र तो कपाटातून उशिरा बाहेर आला. घामानं शर्ट भिजला होता. पाणी न पिताच गेला.

भाग बुधवारी निघाला. गुरुवारी सकाळपर्यंत ऐकणारे चार हजारांवर गेले. परखडांनी हर्षभरित होऊन अभिप्राय उघडले तर लोक लिहीत होते, ‘वाकायला मोठं मन लागतं’, ‘आज खरे परखड दिसलात’. एका डॉक्टरानं जुनं सगळं विसरलो म्हणून कळवलं. गच्चीवरच्या बाईनंही माफ केलं होतं. परखडांना काही उमजेना. अखेर त्यांनी आपलाच पॉडकास्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला. लेख संपल्यावर एक मोठा विराम होता, आणि मग तो भरदार आवाज म्हणत होता, “झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.”

फोनवर मेहुणा म्हणाला, सवयीनं निघून गेलं भाऊजी, गाडी रद्द झाली की आम्हाला म्हणावं लागतं. बायको शेजारीच उभी होती. स्थानकावर ‘मनापासून’ कधीपासून म्हणायला लागले, असं तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

परखड ते वाक्य कापणारच होते. हात माउसवर होता. तेवढ्यात आणखी साठ अभिप्राय आले. परखडांनी हात काढून घेतला आणि उत्तरं लिहायला बसले, ‘फार दिवस मनावर ओझं होतं’, ‘क्षमा मागणं हीसुद्धा परखडता आहे’. दोन दिवसांत त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. ते घरात हलक्या पावलांनी चालू लागले आणि कौतुकाचा फोन आला की स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवू लागले.

पुढच्या रविवारी ताटं वाढली होती, मेहुणाही आला होता, आणि फोन वाजला. पडद्यावर ‘दादा’ होतं. सहा वर्षांनी. बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. परखडांनी सवयीनं स्पीकर लावला.

“मुलीनं ऐकवलं मला,” थोरला म्हणाला. “आवाज तुझा नाही, तेवढं कळतं रे. पण म्हणणं तुझंच ना?”

परखडांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा ताटाकडे बघत होता. खोटं बोलायला आवाज लागत नाही, मान हलवली की भागतं. पण फोनवर मान दिसत नाही. “हो,” परखड त्या बारीक आवाजात म्हणाले. “माझंच.”

थोरल्याचा श्वास ऐकू आला. मग म्हणाला, “मग एकदा तू म्हण. तुझ्या आवाजात. आई शेवटी शेवटी रोज म्हणायची, धाकट्याला फोन लाव, त्याचा आवाज ऐकू दे. मी लावायचो. तू उचलायचा नाहीस.”

मग परखडांनी काय करावं? त्यांनी फोन उचलून मेहुण्याच्या पुढे सरकवला, खिडकीतून चिठ्ठी सरकवावी तसा.

मेहुण्यानं तो परत सरकवला. “ही गाडी माझ्या फलाटावरची नाही, भाऊजी,” तो हळू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखादं वाक्य एकदाच म्हटलं असावं.

थोरला वाट बघत होता. बायकोही बघत होती, आणि इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याकडे असं आशेनं बघितलं नव्हतं. एक वाक्य हवं होतं, पाच-सहा शब्दांचं. कोणते ते आता चार हजार लोकांना पाठ होते. परखडांनी घसा खाकरला.

“दादा,” ते म्हणाले, “मी तुला सविस्तर लिहून पाठवतो.”

“नको,” थोरला म्हणाला. “तुझं लिहिलेलं वाचलंय मी.”

आणि त्यानं फोन ठेवला.