चार वाजेपर्यंतची खुर्ची

डॉक्टरांच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर जॅकरांडाची जांभळी फुलं साचतात ना, तसे ते आपोआप साचतात. झाडून काढू म्हणता म्हणता मी दुपारभर बघतच बसते.

आमचं क्लिनिक इकडे परदेशात, क्वेकर्स हिल नावाच्या उपनगरात. डॉक्टर मंजिरीताई, नर्स ब्रेंडा, रिसेप्शनला मी, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत नाना. नाना साताऱ्याकडचे निवृत्त गुरुजी. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, म्हणून रोज दुपारी अपॉइंटमेंट नसताना यायचे. शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवायची, डोळे मिटायचे आणि चार वाजले की निघायचं. मंजिरीताईंनी मला एकदाच बजावलं होतं, "त्यांना उठवायचं नाही हं. हेच त्यांचं औषध आहे."

यंदा क्लिनिकची तपासणी आली. पेशंटची काळजी नीट घेतो की नाही ते बघायला बाहेरची माणसं येतात, पास झालो तर सर्टिफिकेट मिळतं. तयारीसाठी आम्ही मार्क नावाचा एक कन्सल्टंट बोलावला, आणि तिथून सगळी गंमत सुरू झाली.

* * *

मार्कला आल्या आल्या दिसल्या त्या मंजिरीताईंच्या दाराबाहेरच्या चपला. देवळाबाहेर असतात तशा!

"ट्रिप हॅझर्ड!" तो ओरडला. "कुणीतरी अडखळून पडेल!"

मी लगेच पाटी लावली, 'चपला बाहेर काढू नयेत.' जोशीकाकूंनी ती शांतपणे वाचली, मान डोलावली, चपला काढल्या आणि हातात घेऊन आत गेल्या.

"काकू, बीपी बघायचंय, हात मोकळा करा," मंजिरीताई म्हणाल्या.

"मग ह्या जरा धर गं," म्हणत काकूंनी चपला डॉक्टरांच्या हातात दिल्या!

* * *

ह्याच काकू आम्हाला श्रीखंड आणतात. एकदा ते उन्हात फसफसेल म्हणून त्यांनी कुणाला न विचारता सरळ लसींच्या फ्रिजमध्ये ठेवलं. त्या फ्रिजात लसींशिवाय काही ठेवायचं नसतं. ब्रेंडाने डबा बाहेर काढला, झाकण उघडून केशराचा वास घेतला आणि क्षणभर कुठेतरी हरवूनच गेली.

"आणि ही लस कशावर?" तिने विचारलं.

"होमसिकनेसवर," मंजिरीताई म्हणाल्या.

"बूस्टर कधी?"

* * *

मग मार्कने आगीची ड्रिल घेतली. अलार्म वाजला, सगळे पेशंट निमूटपणे बाहेर जॅकरांडाखाली जमले. वर फुलं, खाली फुलं, मंद वारा. कुणीतरी पर्समधून चिवडा काढला, कुणी गुणगुणायला लागलं. ड्रिल संपली तरी कुणी आत यायला तयार होईना! शेवटी मंजिरीताई बीपीचं मशीन घेऊन बाहेरच आल्या, तर सगळ्यांचं नॉर्मल.

मार्क मात्र आत बघत होता. खिडकीजवळ नाना गाढ झोपलेले. अलार्मनेही हलले नव्हते.

"मेट, हे तपासणीत दिसलं तर तुम्ही नापास," तो मला म्हणाला. इथे सगळेच एकमेकांना मेट, म्हणजे दोस्त, म्हणतात. "त्या दिवशी हे गृहस्थ नकोत. नंतर ती खुर्चीच काढा."

* * *

सांगायचं काम माझ्याकडे आलं. "नाना, गुरुवारी आमची तपासणी आहे, तेव्हा..." पुढचं माझ्या तोंडातून निघेना.

"कळलं, कळलं," नाना म्हणाले. रिकाम्या घरात ते दुपार कशी काढतील ह्या विचाराने मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

गुरुवारी बघते तर काय, इस्त्रीचा शर्ट घालून नाना दारात हजर! आणि त्यांच्या पाठोपाठ बागेत फिरायला येणारी त्यांची सगळी मित्रमंडळी.

"अहो नाना, हे काय?"

"तपासणी ना? माझ्या शाळेत साहेब यायचे तेव्हा एकही पोरगं घरी राहू द्यायचो नाही मी. वर्ग भरलेला दिसायला हवा!"

* * *

तपासणीला आलेल्या बाईंचं नाव लॉरेन. पांढरे केस, हळू बोलणं. माझ्या स्क्रीनवर पेशंटच्या जन्मतारखा बघता बघता त्या थबकल्या.

"इतक्या सगळ्या म्हाताऱ्यांचा जन्म एक जूनचा? कॉम्प्युटर बिघडलाय का?"

मी समजावलं, की पूर्वी आमच्याकडे जन्म घरी व्हायचे, तारीख कोण लिहिणार? शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून नाव घालताना गुरुजी अंदाजाने एक जून लिहून टाकायचे.

"कोण हे गुरुजी?"

मी नानांकडे बोट दाखवलं. नाना उठून उभे राहिले. "येस मॅडम. आय गेव्ह मेनी बर्थडेज."

"आणि तुमचा वाढदिवस?"

"फर्स्ट जून. माय टीचर गेव्ह."

* * *

मग लॉरेनबाई पेशंटशी बोलायला नानांसमोर बसल्या.

"किती वेळ वाट बघताय?"

"टिल फोर ओ'क्लॉक."

"डॉक्टरची?"

"नो, नो. ॲट फोर, माय होम हॅज पीपल." मग नानांनीच उलट विचारलं, "युवर होम, हू इज देअर?"

"जस्ट मी, मेट," त्या म्हणाल्या. खिडकीबाहेर फुलं पडत होती, ती दोघं बराच वेळ बघत राहिली. लॉरेनबाईंनी पेनाला टोपण केव्हाच लावलं होतं. मला वाटलं, गेलं सर्टिफिकेट!

सर्टिफिकेट आलं. खुर्चीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मंजिरीताईंनी ते नानांच्या डोक्यावरच्या भिंतीला लावलं.

परवा दुपारी दार उघडलं. लॉरेनबाई! ना गळ्यात ओळखपत्र, ना हातात बॅग. मी घाबरून उभीच राहिले.

"पुन्हा तपासणी?"

"नाही."

"मग डॉक्टरांची अपॉइंटमेंट?"

"नाही." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अजून चार वाजायचेत ना?"

नानांनी डोळे उघडले नाहीत. शेजारच्या खुर्चीवरची टोपी उचलून फक्त मांडीवर घेतली.