लूला मेची तबकडी

माझी नणंद ओर्लीना कॉम्ब्स हिच्या नावावर पाच आल्बम आहेत. पण तिचं पहिलं गाणं त्या यादीत शोधायला जाल तर हात हलवत परत याल. ते लूला मे नावाच्या बाईनं गायलंय, आणि अशी बाई आमच्या केंटकीच्या डोंगरात कधी जन्मालाच आली नाही.

याला कारण आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचे सगळे सभासद. आमच्या जुन्या बॅप्टिस्ट देवळात वाद्याला थारा नाही. पाळकानं, म्हणजे आमच्या धर्मगुरूनं, एक ओळ म्हणायची, मग आम्ही सगळ्यांनी ती ओढून ओढून गायची. एखादी बाई गिटारवर प्रेमाची गाणी म्हणू लागली, तर शनिवारच्या सभेत तिचा विषय निघायचा आणि मंडळीच्या वहीतून नाव कटायचं. ओर्लीनाला त्याचीच धास्ती होती. मंडळीत गायला मिळालं नसतं तर ती झुरून गेली असती, हे मी खात्रीनं सांगते. पण गिटारही सुटत नव्हती.

म्हणून सत्तावन्न साली रेडिओ स्टेशनच्या मागच्या खोलीत तिनं दोन गाणी रेकॉर्ड केली. गिटारवर माझा नवरा. तबकडीच्या एका बाजूला खाणीतल्या नवऱ्याची वाट बघणारी बायको, दुसऱ्या बाजूला एक भांडकुदळ भावजय, जिची मक्याची भाकरी खाऊन कुत्र्याचे दात पडतात. मी विचारलं, ही कोण गं? तर म्हणे, "नुसती कल्पना आहे, वहिनी." आणि कुणाला पत्ता लागू नये म्हणून वर नाव छापलं लूला मे.

मोठी शहाणी! तीस वर्षं ज्यांच्या कानाशी गायली, ते छापील नावाला फसणार होते? तबकडी आठवड्यात खपून संपली. रविवारी मात्र सगळे कसे साळसूद. फक्त मंडळीच्या जेवणात माझ्या भाकरीला कुणी हात लावेना.

असं वर्ष गेलं. ओर्लीनाचं जेवणावरून मन उडालं. शेवटी एका शनिवारी पाळक हॉबर्ट यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, सगळ्यांची मनं एकमेकांशी साफ आहेत ना? आणि ही उभी राहिली.

"लूला मे म्हणजे मीच," ती म्हणाली. "आता काय ते ठरवा."

हॉबर्टनी सावकाश चष्मा पुसला.

"बाई, तुझा आवाज आम्हाला ओळखता येत नाही होय? तू बोलायची वाट बघत होतो." मग ते सगळ्यांकडे वळले. "हिच्या गाण्याबद्दल कुणाची तक्रार असेल तर आत्ता बोला."

सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या.

"मग राहिलं ते खोटं नाव. ते मात्र चूक. पुढच्या तबकडीवर स्वतःचं नाव घाल."

ओर्लीना रडायला लागली, मीही लागले. एकेक जण उठून तिचा हात हातात घेऊ लागला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. मग हॉबर्टनी भजनाची पहिली ओळ म्हटली, आणि कुणी कुणाला काही न सांगता आम्ही सगळे जरा हळू गायलो, तिचा आवाज ऐकू यावा म्हणून.