फोन काढून घेतात म्हणे

पन्नाशी उलटली तरी घरात तिला सगळे छोटीच म्हणत. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून ती बावीस वर्षं काचा घासत होती. काच अर्धा मिलिमीटर जास्त घासली गेली तर फ्रेममध्ये खुळखुळते आणि कमी घासली तर बसतच नाही. छोटीची काच कधी परत आली नव्हती. दुकानात तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

घरी ती आणि आई, दोघीच. आईचे हातपाय ठीक होते, पण चार वर्षांपासून डोक्यातलं सगळं हळूहळू पुसलं जात होतं. दिवसा शेजारीण लक्ष ठेवायची. संध्याकाळपासून सकाळपर्यंत आई छोटीच्या मागे मागे फिरायची. मोठा भाऊ दोन तासांच्या अंतरावर राहायचा. "काही लागलं तर सांग," एवढं तो दर फोनला म्हणायचा. छोटीने त्याला कधी काही सांगितलं नाही. जे सांगायचं ते दुकानात सांगितलं. "आमच्या वहिनी म्हणजे पाहुण्या. येतात तेव्हाच चप्पल दाराकडे तोंड करून काढतात," हे तर सगळ्यांना पाठ झालं होतं.

मग तिची मान आखडली, इतकी की मशीनवर वाकता येईना. दुकानात डोळे तपासणाऱ्या बाईंनी तिला एका शिबिराचा कागद दिला. तळ्याकाठी, झाडीत, चार दिवस ध्यान आणि चिगोंग. म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवून अगदी सावकाश हात हलवायचे, असा चिनी व्यायाम. छोटीने धीर करून वहिनीला फोन लावला. वहिनी लगेच म्हणाली, "जा तू. मी येते राहायला. अडलं तर तुला फोन करीनच."

"तिथे फोन काढून घेतात म्हणे," छोटी म्हणाली.

समोरच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, फोन जवळ ठेवता येईल, जेवणानंतर वापरता येईल. पण जिभेला हाड नसतं. आणि त्या 'म्हणे'त सगळी चोरी लपून गेली.

पहिल्या संध्याकाळी सगळे गोल करून बसले आणि एकेकाने स्वतःबद्दल सांगितलं. छोटी म्हणाली, "चार वर्षं आईचं सगळं एकटीने करतेय." वीस माणसं हळहळली. तिच्या खोलीतल्या निवृत्त शिक्षिकेने तर डोळे पुसले. नंतर जेवताना तिने छोटीला खिडकीजवळची खुर्ची दिली. छोटीला ते फार आवडलं.

दोन दिवस खरोखर सुखाचे गेले. सकाळी गवतावर अनवाणी उभं राहायचं, मोठा चेंडू धरल्यासारखे हात छातीसमोर धरायचे. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, आवाज मऊ. मान सुटली. दुपारी खाटेवर पडून ती फोनवर काहीबाही बघायची. वहिनीचे फोन यायचे. ती नाव बघायची आणि वाजणं थांबेपर्यंत फोन उशीखाली दाबून धरायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे डोळे मिटून उभे असताना ऑफिस सांभाळणारी बाई गवतातून लगबगीने आली. तिने काही आवाज चढवला नव्हता, पण त्या शांततेत शब्दन् शब्द ऐकू गेला.

"तुमच्या वहिनींचा फोन आहे. विचारतायत, जमा केलेला फोन परत कधी देणार? मी म्हटलं, अहो, आम्ही कुणाचेच फोन घेत नाही."

वीस जोडी डोळे उघडले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं छोटीला झालं. शिक्षिकेकडे न बघता ती ऑफिसात गेली.

"छोटी, चिडू नकोस हं," वहिनी म्हणाली. "आईंनी कालपासून काही खाल्लं नाही. नुसत्या दाराशी बसून आहेत. भरवताना तू त्यांना काय म्हणतेस? तेच म्हणून बघते."

ऑफिसातली बाई समोरच कागद लावत होती.

"ऐकू येतंय ना? काय म्हणतेस?"

"मी म्हणते..." छोटीने आवाज खाली घेतला. "मी म्हणते, मुकाट्याने खा, नाहीतर मी तुला टाकून निघून जाईन."

कागद लावणाऱ्या बाईचे हात थांबले.

"बरं," वहिनी म्हणाली. "मी दुसरं काहीतरी म्हणून बघते."

छोटीने पिशवी भरली आणि दुपारची बस धरली. शिक्षिका दारापर्यंत आली, "आई बऱ्या आहेत ना?" म्हणाली. छोटीने नुसती मान हलवली. ती माया तिला आता चोरून घेतलेल्या वस्तूसारखी टोचत होती.

घरी पोचली तेव्हा आई जेवत होती. वहिनी त्याच ताटातून एक घास स्वतः घ्यायची, एक आईला द्यायची. आईने छोटीकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा तोंड उघडलं. बस. रागावली असती तर छोटीला सोपं गेलं असतं.

भांडी घासताना छोटी म्हणाली, "वहिनी, फोन माझ्याजवळच होता. मी खोटं बोलले."

"माहीत आहे. पहिल्याच दुपारी व्हॉट्सॲपवर तू ऑनलाइन दिसलीस."

"मग ऑफिसात तसं का विचारलंत?"

"तुझं खोटं राखून विचारलं. ती बाई ते उघडं पाडेल हे कुठे माहीत होतं?" वहिनीने नळ बंद केला. "आणि खरं सांगू? तू उचलत नाहीस बघून मला जरा बरंच वाटलं. चार वर्षं तुझं नाव दिसलं की मीच तुझ्या दादाला म्हणायचे, तू घे. काही मागितलं तर काय, याची धास्ती."

या बाईची तिने दुकानात किती वर्षं चेष्टा केली होती!

भावाला तिने फोनचं खोटं पुढच्या आठवड्यात स्वतःच सांगितलं. तो हसला, "एवढंच ना?" म्हणाला. त्याच्या हसण्याने काही हलकं झालं नाही. वहिनी मात्र आता दर महिन्याला दोन दिवस येते. पहिल्या खेपेला छोटी कुठेच गेली नाही, दिवसभर झोपली. दुसऱ्या खेपेला वहिनीने तिला शेजारी बसवलं आणि आईला कसं भरवायचं ते, न रागावता, दाखवलं. छोटीने मान खाली घालून शिकून घेतलं.