टाच घासायची वजरी

देशमुखाच्या ओट्यावर मी आरसा धरून उभा होतो आणि माझ्या हनुवटीवरून एक पापुद्रा सुटून आरशावर पडला. कोंड्याएवढा. देशमुखानं तो पाहिला.

आमच्याकडे दसऱ्याला न्हाव्यानं घरोघर जाऊन आरसा दाखवायचा. गाव मुखेडपासून दोन कोस आत. माणसं वर्षातून एक दिवस स्वतःकडे नीट बघत, मिशा सारख्या करत आणि न्हाव्याला पसाभर ज्वारी घालत. त्या वर्षी बापानं पहिल्यांदा आरसा माझ्या हातात दिला होता आणि तो स्वतः मागून चालत होता. मी पंधरा वर्षांचा. छाती फुगवून गेलो होतो.

माझं तोंड लहानपणापासून असंच. नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांत, हनुवटीवर लाली. त्यावर पांढरे पापुद्रे. थंडीत कातडी तडकायची, उन्हाळ्यात घामानं चुणचुणायची.

"हे काय गळून राहिलं रे तुझ्या थोबाडातून?" देशमुख म्हणाला.

ओट्यावरची माणसं हसली. देशमुख बोलला की हसायचं, ही तिथली दुसरी प्रथा.

"आरसा फिरव. तूच बघ आधी."

मी आरसा फिरवला. बघितलं.

"न्हाव्याचं पोर अन् तोंड धूत न्हाई. घाण हाय ती. हणमा, घासून काढ."

हणमा त्याचा गडी. त्यानं मला हौदावर नेलं. रिठ्याचं पाणी घेतलं आणि देशमुखिणीची टाच घासायची वजरी घेतली. काळा, खरबरीत दगड. त्यानं माझी मान बगलेत धरली आणि गालावरून वजरी फिरवली. मी ओरडलो. पाणी लाल झालं. हणमा थांबला आणि त्यानं बापाकडे पाहिलं.

माझा बाप हात जोडून उभा होता. तो म्हणाला, "घासा. निघंल."

रक्त पुसून मला परत ओट्यासमोर आणलं. देशमुखानं फेट्यावरून हात फिरवला. हैदराबादहून आणलेला फेटा. त्याच्या जरीला गावात जेवढा मान होता तेवढा फार थोड्या माणसांना होता. तो फेटा उतरलेला कुणी पाहिला नाही, असं गाव कौतुकानं म्हणायचं.

"होळीपर्यंत साफ झालं न्हाई तर रपट करतो," तो म्हणाला. "महारोग हाय म्हणून. सरकारी माणसं येऊन नेतील."

निजामाचं राज्य तेव्हा शेवटच्या वाटेला लागलं होतं, पण आमच्या गावाला तसं कुणी कळवलं नव्हतं. शिवारातून बंदुका घेतलेली माणसं जात. कुणाचं नाव कुठल्या कागदावर चढलंय, कुणाला ठाऊक नसे. मुखेडच्या बाजारातून एक विणकर घरी आलाच नाही. त्याची बायको रोज वाटेवर उभी राहायची आणि लोक दुसऱ्या वाटेनं जायचे. अशा दिवसांत रपट हा शब्द पुरेसा होता.

रोग असो नसो, गावानं निकाल लावून टाकला. पाणवठ्यावर बाया मुलांना पदराआड घेत. कुणी दाढीला बोलावलं तर निरोप यायचा, "बापाला पाठव." धुळीत बैलगाडी दिसली की मी ज्वारीच्या कडब्यात जाऊन बसायचो. आणि रोज घासायचो. राखेनं. विटेच्या भुकटीनं. देशमुखानं घाण म्हटलं होतं ना, मग ती घाणच असणार. मी स्वतःचा हणमा झालो होतो. जेवढं घासावं तेवढं जास्त सोलायचं.

दिवाळीनंतर बापानं मला जळकोटला आत्याकडे पाठवलं. आत्या सुईण. तिनं मला उजेडात बसवलं, हनुवटी धरली आणि गालावर जिथं सगळ्यात लाल होतं तिथं सुई टोचली.

"लागलं?"

"हाव! मारतीस का?"

"मग महारोग न्हाई. त्यात टोचलेलं कळत न्हाई." तिनं सुई पदराला पुसली. "वंगाळ तुझं तोंड न्हाई. वंगाळ तुझं घासणं हाय."

रिठा बंद. राख बंद. साबण तर आमच्या घरात नव्हताच, तरी तिनं तोही बंद केला. कोमट पाणी तोंडावर नुसतं सोडायचं. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं टिपायचं, पुसायचं नाही. कातडी ओलसर आहे तोवर धुतलेलं तूप लावायचं, अगदी पातळ. दुपारच्या उन्हात तोंड आणायचं नाही. आणि पापुद्रा ओढायचा नाही.

"सुटायचा तो आपण सुटतो. तू कशाला घाई करून राहिला?"

धुतलेलं तूप ती काशाच्या थाळीत करायची. तुपात पाणी घालून तळव्यानं फेसायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी. शंभर वेळा. मोजायला ज्वारीचे शंभर दाणे. दर धुण्याला एक दाणा या ढिगातून त्या ढिगात. शेवटी थाळीत पांढरं, गार लोणीच जणू उरायचं. त्याला तुपाचा वासही नसायचा.

महिनाभरात लाली उतरली. पुढच्या पंधरवड्यात पापुद्रे विरळ झाले. मी आत्याच्या पितळी तांब्यात तोंड बघायचो. बरं दिसायचं. तांबे सगळ्यांनाच वाकडं दाखवतात, तरी बरं दिसायचं.

"गेलं का ग आत्या?"

"जात न्हाई हे. पुढल्या थंडीत परत यील. सांभाळून राहायचं."

"तुला कुणी शिकवलं?"

ती फेसत होती. हात थांबला नाही. "तुझ्याच बापानं. त्याला कुण्या बुवानं सांगितलं व्हतं. देशमुखाच्या डोस्क्यासाठी दर म्हैन्याला इथून नेतो की. त्याचंबी असंच हाय. तुला ठाव न्हाई?"

मला ठाव नव्हतं.

मी तिथंच बसून राहिलो. बापाला माहीत होतं. घासल्यानं हे वाढतं, तुपानं थांबतं, हा महारोग नव्हे. सगळं माहीत होतं. आणि हौदाजवळ हात जोडून तो म्हणाला होता, घासा, निघंल.

होळीला चार दिवस उरले तेव्हा धुतलेल्या तुपाची डबी घेऊन गावी आलो. बाप तापानं अंथरुणावर होता. मी विचारलं, ठाव होतं तर घासा का म्हणालास. तो भिंतीकडे वळला.

"तोंड उघडलं असतं तर वस्तरा गेला असता," तो म्हणाला. "गाव गेलं असतं. तुझं तोंड काय, भरून आलंच असतं."

होळीच्या आदल्या दिवशी हणमा दारात आला. मला वाटलं, रपट झाली. पण तो म्हणाला, "मालकानं बोलावलंय. डबी घेऊन. बाप उठत न्हाई तर तू ये."

मधल्या खोलीत देशमुख एकटा होता. उद्या तालुक्याचे साहेब येणार होते. त्यानं दार लावायला सांगितलं. मी लावलं. मग त्यानं फेटा उतरवला.

पूर्ण टाळूवर खपल्या. कानांमागं लाल. खाजवून खाजवून रक्ताचे ओरखडे. जरीच्या आतल्या बाजूला कोंड्याचा थर. माझ्या आरशावर पडला होता तोच कोंडा.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "साफ झालं बघ तोंड. घासल्याचा गुण."

मी डबी उघडली.

"हलक्या हातानं," तो म्हणाला. "लई चुणचुणतं."

माझं बोट तुपात होतं. मी ते बाहेर काढलं, धोतराला पुसलं आणि झाकण लावलं.

"मालक, हणमाला बोलावू का? वजरी घेऊन?"

त्याचा हात फेट्याकडे गेला. पण फेटा बांधायला वेळ लागतो. तोवर तो उघड्या डोक्यानं माझ्यासमोर बसलेला होता आणि आम्हा दोघांनाही ते कळत होतं.

"रपट करीन."

"करा. डाक्टर टोचून बघंल. मला लागतं. मग इचारंल, आणखी कुणाला हाय. मी सांगीन."

"जीभ काढीन तुझी."

"तूप पायजे तर वट्यावर बसा. सगळ्यांसमोर. मी लावतो, हलक्या हातानं."

मी दार उघडलं. पुरतं, दोन्ही फळ्या. हणमा बाहेरच होता. त्यानं आत पाहिलं आणि खाली मान घातली.

त्या सांजेलाच निरोप आला: उद्यापासून या घरचा वस्तरा गावात चालायचा नाही. होळी पेटायच्या आत आमच्या दारासमोर दोन माणसं बंदुका घेऊन येऊन बसली. बाप तापात रडत म्हणाला, "काय केलंस रं?" मी त्याच्या उशाखालून धोकटी घेतली. वस्तरा, नखं काढायची नराणी, चिमटा आत टाकले. दसऱ्याचा आरसा त्याच्याजवळ ठेवला. त्या माणसांच्या मधून चालत नांदेडच्या वाटेला लागलो. मागून कुणी बंदुकीचा घोडा ओढल्याचा आवाज आला. मी वळलो नाही. बार झाला नाही.

नांदेडात नदीच्या वाटेवर लिंबाखाली बसतो. जवळ तुपाची डबी असते. ज्याच्या कातडीला हवं त्याला लावतो, भर रस्त्यात, उजेडात. मोठे लोक माणूस पाठवतात, घरी ये, मागच्या दारानं. मी जात नाही.

थंडीत माझ्या तोंडावर पापुद्रे येतात. ते मी झाकत नाही, ओढतही नाही. ज्याला दाढी करायची आहे त्यानं या तोंडासमोर येऊन बसावं. आणि बसताना डोक्यावरचं काढून ठेवावं.