अक्कांनी वाचवलेला 'शे'

सुमनअक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी पंखा बंद करायला सांगायच्या. भुसावळच्या मे महिन्यातही. यजमान घामाघूम होऊन बघत राही, आणि अक्का डोळे मिटून त्या खोलीत आणखी काय काय वाजतंय ते ऐकत. "पंख्याची सवय आपल्या कानाला होते, यंत्राला होत नाही," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या.

भुसावळ स्टेशनवर तीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या घोषणा केल्या. माहेर धुळे तालुक्यातलं, त्यामुळे बोलणं घरात अहिराणी आणि बाहेर शुद्ध मराठी. निवृत्तीनंतर मुलानं जुना संगणक दिला, त्यावर त्या ध्वनिमुद्रणं साफ करायला आपल्या आपण शिकल्या. मी जळगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. धुळ्याकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांची अहिराणी गाणी आम्ही मोबाइलवर मुद्रित केली होती. चाळीस गाणी, आणि प्रत्येकात पंखा, मोटार नाहीतर शेळ्या. त्यांतल्या गंगाबाई तर मुद्रणानंतर दोन महिन्यांत गेल्या. ते सगळं घेऊन मी अक्कांकडे गेलो.

विकतचं काही घ्यायला अक्का तयार नव्हत्या. ज्यांचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, अशी तीन मोफत प्लगइन, म्हणजे आवाज साफ करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, त्यांनी उतरवून घेतली आणि गंगाबाईंच्या गाण्याचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा तिन्हींतून काढला. पहिलं प्लगइन आवाज थांबला की दार लावून घ्यायचं. दोन ओळींमधला श्वासच त्यात नाहीसा झाला. दुसऱ्याला नुसत्या पंख्याचे दोन सेकंद ऐकवायचे, मग ते तेवढीच घरघर शोधून वजा करी. तिसरं हजारो आवाजांवर शिकवून तयार केलेलं. त्यातून गाणं बाहेर आलं ते स्टुडिओत म्हटल्यासारखं. मी म्हटलं, अक्का, हेच घेऊ या.

त्यांनी तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा लावला. गाण्यात ओळ होती, 'मन्हा भाऊ दूर शे', म्हणजे माझा भाऊ दूर आहे. यंत्रातून ती 'दूर ए' अशी येत होती. 'श'चा सुस्कारा त्या यंत्राला खरखर वाटला होता आणि त्यानं तो पुसून टाकला होता.

"सर, आपण डाळ निवडतो ती खडे काढायला," अक्का म्हणाल्या. "हे डाळच फेकतंय."

विभागाच्या बैठकीत मात्र सगळ्यांना तिसरंच आवडलं. चाळीसही गाणी त्यातून काढून मूळ मुद्रणं पुसून टाकावीत, कारण जागा कमी पडते, असं ठरत आलं होतं. अक्का पाहुण्या म्हणून कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, की अहिराणीत 'शे' गेला तर उरतं काय? विभागप्रमुख म्हणाले, एवढं बारीक ऐकतो कोण.

"जिची आई गातेय ती ऐकेल," अक्का म्हणाल्या आणि आठ दिवस मागून घेतले.

आम्ही गंगाबाईंच्या गावी गेलो. मुलगी लीलाबाई, सत्तरीच्या, ओट्यावर बसल्या. अक्कांनी कोणता तुकडा कशातून काढला ते न सांगता तिन्ही ऐकवले. पहिल्याला लीलाबाईंनी मान हलवली. स्टुडिओसारखा होता तो ऐकून म्हणाल्या, "आवाज चांगला शे. पन मन्ही माय आशी नई बोले." उरलेला लावला. त्यात पंखा थोडा होताच. दुसऱ्या ओळीपासून लीलाबाई आईबरोबर गाऊ लागल्या. अक्कांनी तेही मुद्रित केलं आणि बैठकीत तेवढंच वाजवलं. मूळ मुद्रणं राहिली, आणि साफ केलेल्या प्रती दुसऱ्या प्लगइनमधून निघाल्या.

एवढ्यावर मी थांबलो असतो. अक्कांनी तिसरं प्लगइन लिहिणाऱ्या परदेशातल्या माणसाला पत्र लिहिलं. इंग्रजी माझ्याकडून तपासून घेतलं, पण मी घातलेली दोन विनंतीची वाक्यं खोडली. "आपण मागत नाही सर, चूक दाखवतोय." त्यानं नमुने मागितले. मग अक्कांनी शेजारपाजारच्या बायकांना जमवून 'श', 'स', 'छ'ची दोनशे वाक्यं म्हणवून घेतली. पाच महिन्यांनी नवी आवृत्ती आली. तिच्यात 'शे' पूर्ण ऐकू येत होता. हातभार लावणाऱ्यांच्या यादीत अक्कांचं नाव आणि गाव होतं. मी फोन करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, छान झालं, पण 'ळ' अजून थोडा बोथट येतोय, त्याला कळवायला हवं.

ते पत्र अर्धं लिहून राहिलं. त्या वर्षी पाडव्यानंतर अक्का गेल्या. ते मी पूर्ण करून त्यांच्याच नावानं पाठवलं.

आता दर वर्षी नव्या मुलांना मी ती यादी पडद्यावर दाखवतो. पन्नाससाठ नावं आहेत, बहुतेक मला नीट उच्चारताही येत नाहीत. एका नावापाशी थांबतो आणि स्पष्ट, सावकाश वाचतो: सुमन, भुसावळ. वर्गात भुसावळहून रोज गाडीनं येणारी दोन-चार मुलं असतात. ती ताठ होऊन बसतात.