हरिश्चंद्राचं मरण आणि इटलीच्या टाळ्या

आमच्या वाडीतला हरिश्चंद्र जितक्या वेळा मेला असेल, तितक्या वेळा अख्ख्या मालवण तालुक्यात कुणी मेलं नसेल. दशावतारात राक्षसाचं काम करायचं म्हणजे पहाटेला देवाच्या हातून मरणं आलंच. पण बाकीचे राक्षस बाण लागला की पडतात. हरिश्चंद्र पडत नाही. तो आधी बाणाकडे बघतो, मग आभाळाकडे. मग आईची आठवण काढतो, प्रधानाला माफ करतो, राज्याची वाटणी सांगतो आणि कोसळतो. लोक चटया गुंडाळायला लागले की पुन्हा उठतो, कारण एक शाप द्यायचा राहिलेला असतो. तेवढ्यात पायपेटीवाला तंबाखू मळून, चघळून, बाहेर थुंकून येतो. आमच्या लेकीचा, रूपालीचा, तान्हा मुलगा एका जत्रेत ह्याला बाण लागताना झोपला, भुकेने उठला, दूध पिऊन परत झोपला. हा मरतच होता.

एरवी माणूस मुका. दिवसभर अंगणात जाळी विणत बसतो. त्याच्या आणि आमच्या घरांच्या मध्ये एक चिऱ्यांचा गडगा आहे, आणि त्या गडग्यावर कोपर टेकून मी आणि त्याची बायको शेवंती जगाचा न्यायनिवाडा करतो. शेवंती मासे विकते, त्यामुळे तिचा आवाज मोठा आणि मत पक्कं.

"घरात 'चाय दी' म्हणाक तोंड उघडत नाय गो," ती म्हणायची, "आणि मरताना बघ कशी जीभ चलता ती!"

दोन हजार नऊची दिवाळी सरली. जत्रा तोंडावर आल्या म्हणून हरिश्चंद्राने अंगणात मरायची तालीम धरली होती. कोंबड्यांना इतकी सवय, की तो अंगावर कोसळला तरी त्या जेमतेम सरकायच्या. अशात दशावतार कंपनीचा नवा मालक बाबली आला. कालपर्यंत ह्याच्यासमोर झांज वाजवणारा, आता खिशाला दोन मोबाइल लावून फिरायचा.

"हरिश्चंद्रानू, औंदा जरा बेगीन मरा," तो म्हणाला. "तुमच्या मरणापायी लोकांची पयली एस.टी. चुकता. बाण लागलो की पडायचा. जमत नसात तर दुसरो राक्षस बघतंय."

हरिश्चंद्र तालीम सोडून जाळी विणायला बसला. फक्त दोन दिवस जेवला नाही. राजाचं सोंग त्याला कधी मिळालं नाही, गाता गळा नाही. सगळी इभ्रत त्या मरण्यात. तेच कापलं तर उरणार काय, जाळी?

नेमका त्याच आठवड्यात भाई आला. हा दर्या टॉकीजचा मालक. त्याने छपरावर नवी छत्री बसवली होती, सिनेमा आता डब्यातून नाही, आभाळातून येणार म्हणे. छत्रीवाल्याने नमुन्यादाखल एक खेळ फुकट दिलेला : इटलीतला ऑपेरा, थेट. तिकडे दुपार, आमच्याकडे दिवेलागणीनंतर. तारकर्लीचे गोरे पर्यटक लोटतील ह्या आशेने भाईने हो म्हटलं, पण गोरे म्हणाले, आम्ही इथे मासे खायला आलोय. मग भाई खुर्च्या भरायला वाडीत फिरू लागला.

"काय असता तां?" मी विचारलं.

"दशावतारच म्हणा वयनी. राजा, राणी, कपट, सगळा गाणी गावन. शेवटाक राणी इख पिता आणि मरता. पण काय मरता! इख पिल्यार आपण चाय करून, पिऊन, कप धुवन ठेवू, तवसर ती गाता."

गडग्यापलीकडे जाळ्याची सुई थांबली. हरिश्चंद्र उठला, चपला घातल्या आणि तडक बाबलीच्या घरी गेला. तिथली बोलणी वाडीभर झाली. पैज अशी ठरली : राणी मरेपर्यंत लोक बसून राहिले तर हरिश्चंद्राने हवं तेवढं मरावं. लोक उठले तर त्याने मुकाट्याने पडावं.

शेवंतीची शंका वेगळीच. "लाइव म्हणजे ह्या घडीक थंय चललाहा तां आमका दिसतला ना? मगे आमी थंय दिसतलों काय?"

भाई कावलेला. "दिसतलास, दिसतलास!"

झालं. सगळ्या बायका काठापदराच्या साड्या नेसून, अबोलीचे वळेसर माळून टॉकीजला हजर. पडद्यावर इटलीचे प्रेक्षक दिसले, कोट घातलेले, शिस्तीत बसलेले. शेवंतीने पदर सारखा केला आणि शेंगदाण्याची पुडी पटकन खुर्चीखाली सारली.

खेळ सुरू झाला. भाषेचं ओ की ठो कळेना, पण आम्ही जन्मभर राजवाड्यातली भांडणं देवळासमोर बसून बघितलेली माणसं. एक दाढीवाला चिठ्ठ्या घेऊन इकडून तिकडे पळायचा, तो नारद हे सगळ्यांनी एका दमात ओळखलं. राणी चांगली भरलेली, आवाज असा की छपराचे पत्रे थरथरले. मध्येच सेनापतीला तलवार लागली आणि तो धाडकन पडला तो पडलाच.

बाबलीने कोपर मारलं. "बघितलास? सटकन मेलो!"

"हलको नट," हरिश्चंद्र म्हणाला.

शेवटी राणीने कुपी उचलली. विष प्यायली. गाऊ लागली. हरिश्चंद्र खुर्चीच्या टोकावर आला. लोकही जागचे हलेनात. आणि ऐन तानेत राणी तोंड उघडं टाकून थिजली, चौकोन-चौकोन झाली, आणि पडदा पांढरा. माडाचं वाळकं चुडत, म्हणजे अख्खी झावळी, छपरावरच्या छत्रीवर पडलं होतं. भाई शिडी शोधत धावला.

लोक चपला चाचपू लागले. बाबली तर उभाच राहिला. "चला, मेली ती!"

"मेली नाय!" हरिश्चंद्र ओरडला. त्याने शेवंतीच्या हातातली पाण्याची बाटली हिसकावली आणि थेट पडद्यासमोरच्या कट्ट्यावर चढला. अंगात पांढरा शर्ट आणि लग्नातली पँट, मिश्या भरघोस. बाटली तोंडाला लावली, छातीवर हात ठेवला आणि दशावतारी भारदस्त मराठीत सुरू झाला.

"हे प्रजाजनहो! या इटली देशीची मी अभागी महाराणी! हलाहल प्राशन केले खरे, परंतु प्राण जाण्यापूर्वी मला चार शब्द बोलू द्या!"

कुणीतरी खुर्चीच्या पत्र्यावर ठेका धरला. राणीने दाढीवाल्या नारदाला क्षमा केली, सेनापतीला घाईने मेल्याबद्दल झापलं, राज्य माहेरच्यांना दिलं आणि कोसळली. दोघे-तिघे उठले, तशी ती पुन्हा उठली, कारण सवतीला शाप द्यायचा राहिला होता. ऑपेऱ्यात सवत नव्हती. कुणाचं काही बिघडलं नाही.

"आता मर गो बाये, घराक जेवण करूचा आसा!" शेवंती ओरडली. हसून हसून लोक परत खुर्च्यांत पडले. बाबलीसुद्धा खाली बसला, ते मी ह्या डोळ्यांनी बघितलं.

शेवटी राणी तिसऱ्यांदा पडली ती हलली नाही. आणि तेव्हाच भाईने वर चुडत ओढलं. पडदा लख्ख झाला. समोर इटली! सगळं नाट्यगृह उभं, टाळ्यांचा कडकडाट, कोण रुमाल हलवतंय, कोण डोळे पुसतंय.

"अगे आये!" शेवंतीने माझा दंड धरला. "तेंका दिसला गो! सगळा दिसला!"

मग आम्ही कशाला बसतोय? अख्खं टॉकीज उभं राहिलं. हरिश्चंद्र उठला, पँट झटकली, आणि आमच्याकडे पाठ करून त्याने इटलीला वाकून नमस्कार केला. इतक्यात ती राणी मखमली पडद्यातून बाहेर आली आणि तीही वाकली. ह्याने तिला पुन्हा नमस्कार घातला. ती परत वाकली. दोघांचं बराच वेळ चाललं होतं, कुणी माघार घेईना.

बाहेर बाबली चपला घालत म्हणाला, "कोण उठान गेला नाय, खरा. मरा बाबा, होया तितक्या मरा."

शब्द त्याने पाळला. हरिश्चंद्राच्या मरणातला एक शब्दही कापला नाही. एस.टी. चुकू नये म्हणून देवाला फक्त एवढंच सांगितलं, की बाण लवकर मारायचा. त्यामुळे हल्ली आमचा राक्षस नाटक अर्ध्यावर येण्याआधीच बाण खातो. परवाच गडग्यापलीकडून हरिश्चंद्राची तक्रार ऐकली : देव इतकी घाई करतो, की मध्यरात्रीचा चहासुद्धा छातीत बाण घेऊन प्यावा लागतो.