काळ्या वाळूतला तोडा

दादा लढाईवरून परतला तेव्हा वहिनीला उल्हास नदीनं नेऊन एक वर्ष झालं होतं. भाताची रोपं घेऊन आम्ही दोघी, एकमेकींचा हात धरून, नदीतून पलीकडच्या खाचरात निघालो होतो. वर घाटात पाऊस कोसळला असावा, पाणी एकाएकी चढलं. मी काठाला लागले. तिचा देहसुद्धा मिळाला नाही.

दादानं मला काही विचारलं नाही. पाऊस सरल्यावर तो कल्याणला गेला आणि लष्करी भंगारातून सुरुंग शोधायचं जुनं यंत्र घेऊन आला. लांब दांडा, टोकाला लाकडी तबकडी, बॅटऱ्यांची पेटी आणि कानांवर लावायचे फोन.

"तिच्या पायांत चांदीचे तोडे होते ना गं?" एवढंच म्हणाला.

आमच्या नदीची वाळू काळी, लोखंडाच्या कणांनी भरलेली. पहिल्या दिवशी यंत्र नुसतं किंचाळत राहिलं. पण पलटणीत दादा हेच काम शिकला होता. आधी रिकाम्या वाळूवर तबकडी धरून पेटीवरच्या दोन खुंट्या तो केसभर केसभर फिरवायचा, आवाज अगदी बारीक होईपर्यंत. मग तबकडी वाळूपासून चार बोटं वर, तशीच धरून चालायचा. हात जरा खाली गेला की पुन्हा किंचाळी.

यंत्राची निगा माझ्याकडे. तबकडीला चीर होती. तिच्यातून ओल शिरली की आतल्या तारा बिघडत. मी मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून ती बुजवायची. बॅटऱ्या काढून पुसायच्या, टोकांवरचा हिरवा गंज खरवडायचा, कोरड्या मडक्यात ठेवायच्या. पेटीतले, जुन्या रेडिओत असतात तसले काचेचे दिवे हलू नयेत म्हणून भोवती कापूस दाबला. तो वहिनीच्या उशीतला होता. दादाला मी ते सांगितलं नाही.

दोन वर्षं, नदी उतरली की आम्ही जायचो. खिळे मिळाले, नांगराचा फाळ मिळाला, बैलाची नाल मिळाली. एका सकाळी दादा थबकला. त्यानं फोन काढून माझ्या कानांवर ठेवले.

"ऐक. ह्यो वाळूचा आवाज नाय."

दोघांनी हातांनी उकरलं. कोपरभर खोल तोडा होता, काळा पडलेला, पायात अडकवायचा फासा अजून मिटलेला.

दादा वाळूत बसला. तोडा पदराला पुसावा तसा सदऱ्याला पुसत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हात तू सोडलास, का तिनं?"

"तिनं, दादा."

"बरं," तो म्हणाला.

त्या दिवसापर्यंत वहिनी कुठंतरी काठाला लागली असेल, असं त्याच्या मनात होतं, हे मला तेव्हा कळलं. दुसरा तोडा शोधायला तो गेला नाही. पुढे नेरळला नोकरी धरली, घरी क्वचित यायचा. बॅटऱ्या फुटल्या, मी त्या पुरून टाकल्या.

आणि हात कोणी सोडला, ते मला खरंच आठवत नाही. पाणी गळ्याशी होतं, एवढंच आठवतं.